कुंकवाखालची जागा

आईच्या दोन भुवयांच्या मध्ये, अगदी कुंकवाच्या जागी, एक काळसर चट्टा वाढत होता आणि घरात कुणाला त्याचा पत्ता नव्हता. आधी ती टिकली लावायची. तिथे खाज सुटली तेव्हा आम्ही सगळ्यांनी टिकलीच्या गोंदाला दोष दिला. मग ती पिंजर, म्हणजे कोरडं कुंकू, लावू लागली आणि विषय मिटला. कधी तिथून रक्त आलं असेल तर तेही लालात लाल मिसळून गेलं. आमच्या घरात बायका अंघोळ करून बाहेर येतात त्याच मुळी कुंकू लावून, त्यामुळे तिचं मोकळं कपाळ बघायची वेळच कुणावर आली नाही.

शेवटी तिथली खपली भरेना तेव्हा दाखवलं, तुकडा काढून तपासला आणि त्वचेचा कॅन्सर निघाला. उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये एका हॉस्पिटलात आम्ही दाखवत होतो. तिथल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, हा सहसा शरीरभर पसरत नाही, पण आहे तिथेच आजूबाजूला कुरतडत जातो. डोळ्याच्या कोपऱ्याकडे किती गेलाय हे नुसत्या नजरेला कळत नव्हतं. म्हणून ऑपरेशनच्या आधी त्या मुंबईहून एक कॅमेरा मागवणार होत्या. कुठेही न कापता त्वचेच्या आतल्या पेशी त्यात दिसतात, म्हणजे कड कुठवर आहे ते समजतं. त्या दिवसापासून माझा सगळा जीव तिच्या डोळ्याच्या त्या कोपऱ्यात अडकला. बोलताना मी तिथेच बघायचे आणि तिला ते कळायचं.

ती मात्र भाजी निवडता निवडता, बाबांच्या देखत म्हणायची, "अहेव गेले तर सोनं होईल माझं." बाबा पेपर तोंडासमोर धरायचे. मला असा संताप यायचा की मी उठून गॅलरीत जायचे. नवऱ्याच्या आधी मरण्यात कसलं आलंय सोनं, हे मला आजवर कुणी नीट समजावून सांगितलेलं नाही.

"कपाळ साबणाने धुऊन या, काही लावू नका," असं डॉक्टरबाईंनी बजावलं होतं. पालेगावच्या घरी तिने माझ्यासमोर कपाळ धुतलं. रिक्षात पदर भुवयांपर्यंत ओढून ती माझ्याकडे तोंड करून बसली. बाबा पलीकडे. ते सगळा रस्ता बाहेर बघत होते.

तपासणीच्या खोलीत मी तिच्याबरोबर गेले, बाबा बाहेर थांबले. डॉक्टरबाईंनी कपाळावर जेल लावली आणि मुंबईहून आलेलं, हातात मावेल एवढं ते यंत्र टेकवलं. "आई, हलायचं नाही हां. बोलायचं पण नाही." आईने माझं मनगट धरलं. राखाडी पडद्यावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी बारीक घरं दिसली. ही चांगली त्वचा, असं त्यांनी सांगितलं. मग यंत्र डोळ्याकडे सरकलं आणि पडद्यावर पांढरे, चमकणारे ठिपके आले, विखुरलेले, थेट कोपऱ्यापर्यंत. डॉक्टरबाई पडद्याजवळ वाकल्या. मागेपुढे करून पुन्हा पुन्हा तेच बघत राहिल्या. गेला डोळा, असंच मी धरून चालले.

त्यांनी यंत्र उचललं, कापूस ओला करून जोरात फिरवला. कापूस गुलाबी झाला.

"आई, कुंकू लावलं होतं?"

"घरून निघताना जिन्यात लावलं," आई म्हणाली. "इथे आल्यावर पदराने पुसलं की. हे बरोबर असताना बोडक्या कपाळाने घराबाहेर कशी पडू?"

पुसताना ते सगळं डोळ्याकडे ओढलं गेलं होतं, पडद्यावर चमकत होतं ते तेच.

पुन्हा धुवून पुन्हा बघितलं. ठिपके नव्हते. काळ्या बेटांसारखे पुंजके मात्र होते, तोच कॅन्सर, डाव्या भुवईच्या आत गेलेले. पुढे पुन्हा ती पोळ्याची घरं लागली, कोपऱ्याच्या बरीच अलीकडे. डॉक्टरबाईंनी पेनाने कपाळावर टिंबं दिली. आम्हाला दिसत होता त्याच्या दुप्पट घेर झाला, अर्धी भुवई त्यात गेली. "डोळ्याकडे गेलेलं नाही," त्या म्हणाल्या. "खोल किती आहे ते काढून तपासल्यावरच कळेल." आणि हेच बाबांना सांगायला त्या बाहेर गेल्या.

आईने मनगट सोडलं नव्हतं. मी म्हटलं, "झालं समाधान? त्या कुंकवापायी आज जीव जायची वेळ आली होती माझ्यावर."

ती म्हणाली, "डॉक्टरबाईंना पुन्हा विचार ना, सगळं निघेल ना?"

"विचारते. बाबांसमोरच विचारते."

तिने दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "मला ह्यांच्या आधी जायचं नाहीये गं," ती म्हणाली. "पण हे त्यांना सांगू नकोस. त्यांना काय वाटेल."