पाणकणीस आणि कोळी
काल पुसदच्या मंगल कार्यालयात फुलदाणीत वाळलेली पाणकणसं दिसली आणि मला पाहायला पाहुणे आले होते तो दिवस आठवला. बैठकीत शोभेला ठेवायला म्हणून आई आणि मी सकाळीच तळ्यावर पाणकणसं तोडायला गेलो होतो. तपकिरी, मखमली, गालाला लावावीशी वाटणारी. तिथंच काठावरच्या बिळातून टॅरंटुला बाहेर आला, तळहाताएवढा केसाळ कोळी. रंग तोच, लवही तशीच. मी वाकून बघत होते तोवर आईनं पायातली चप्पल हाणली. "कसा केसाळ हाये मेला!" म्हणाली आणि कणसं छातीशी धरून घरी निघाली. दुपारी मुलाच्या आईनं फुलदाणीतल्या कणसावरून बोटं फिरवली. "कसं मऊ हाये वो, मखमलच!" मग तीच बोटं माझ्या हातावर आली आणि थांबली. "पोरगी चांगली हाये, पण अंगावर लव लय हाये न बाई." पाहुणे गेल्यावर आईनं बेसन भिजवलं आणि माझे हात लाल होईस्तोवर घासले. कणसं मात्र पुढं वर्षभर बैठकीत मानानं उभी होती. मी अजूनही भर उन्हाळ्यात मनगटापर्यंत बाह्या घालते. तो कोळी निदान एका चपलेत सुटला.