येळवशीला आमच्या घरात फोन कुणी उचलला

भूतखेत, करणी, अंगात येणं... असल्या गोष्टींवर माझा कधी विश्वास नव्हता, आजही नाही. आमच्या गल्लीत एका बाईच्या अंगात यायचं, तेव्हा तिच्या तोंडावर तांब्याभर गार पाणी मीच मारलं होतं. पुन्हा कधी आलं नाही. त्यामुळं हे वाचून कुणी मला लिंबू-मिरची सुचवणार असेल, तर त्यानं आत्ताच पान उलटावं.

मी चौथी शिकलेली बाई. हे माझ्या हातानं कागदावर लिहून पाठवतेय. सून म्हणाली होती, मी टाइप करून देते. पण तिच्याकडं दिलं तर ती मधे तिचं घालील, आणि तिचं म्हणणं काय आहे ते मला पाठ झालंय. त्याचाच तर मला संताप आहे.

आमचं गाव ढोकीपासून जवळ. नाव देत नाही, लोक उगीच बघायला येतील. घर सिमेंटचं, रस्त्याला लागून. थंडीत उसाचे ट्रॅक्टर गाणी लावून जातात तेव्हा मांडणीवरची भांडी हलतात. घरात आम्ही तिघं. मी, मुलगा दत्ता आणि सून रोहिणी. दत्ता शेती बघतो. रोहिणी घरी बसून पुण्यातल्या एका कंपनीचं काम करते... लोकांच्या तक्रारी येतात, त्या वाचून उत्तरं लिहायची. ती मला आत्या म्हणते. आमच्याकडं सासूला तसंच म्हणतात.

पुढच्या खोलीत खिडकीखाली तिचं टेबल आणि त्यावर कंपनीनं पाठवलेला कॉम्प्युटर. त्यात लिनक्स आहे. आमच्या भावकीतल्या पोरांकडं असतं ते विंडोज, हे दुसरं. या कॉम्प्युटरला वायफाय नाही. खांबावरून आलेली लाइन भिंतीवरच्या डबीत येते आणि डबीतून एक निळी वायर कॉम्प्युटरच्या पाठीत जाते. नेट काय ते त्या वायरीतून.

दिवाळीनंतर कॉम्प्युटरनं आपलं आपण काहीतरी नवं भरून घेतलं — अपडेट म्हणतात त्याला — आणि तिथून नेट बिघडलं. म्हणजे लाइन यायची, डबीवरचा हिरवा दिवा लागायचा, पण पान काही उघडायचं नाही. मी विचारलं तर रोहिणी म्हणाली, "आत्या, रस्ता हाय, गाडी हाय, पण कुणाचं घर कुठं हाय ते सांगणाराच गायब हाय." त्या सांगणाऱ्याला डीएनएस म्हणतात. कंपनीत योगेश सर म्हणून एक जण कॉम्प्युटर दुरुस्तीचं बघायचे. ते फोनवरून रोहिणीला काळ्या पडद्यावर ओळी लिहायला लावायचे. एका फाइलीत त्या सांगणाऱ्याचा नंबर लिहायचा. लिहिला की नेट धावायचं. पण कॉम्प्युटर बंद करून चालू केला की फाइल पहिल्यासारखी! लिहिलेलं साफ पुसलेलं. कधी कधी तर काम चालू असतानाच पुसलं जायचं आणि ही बसायची अर्धं उत्तर लिहून.

यात अमानवीय काही नाही बरं का. लिनक्समध्ये तसं होतं. त्या फाइलीचा धनी दुसराच असतो, आपण लिहिलं की तो त्याचं परत लिहितो. हे मला नंतर कळलं. आमचं प्रकरण याच्या पुढं सुरू होतं.

महिनाभर हे चाललं आणि कंपनीला वाटायला लागलं, बाई काम टाळते. एकदा योगेश सरांचा फोन स्पीकरवर होता, तेव्हा मी शेंगा फोडत बसले होते. ते म्हणाले, "मॅडम, बाकी सगळ्यांचं चालतं, तुमचंच रोज कसं जातं?" रोहिणी त्यांना "बघते सर" एवढंच म्हणाली. रात्री भाकरी मात्र अशा थापल्या की परातीला पोचे पडतील असं मला वाटलं. मग वरून निरोप आला. अमुक दिवशी संध्याकाळपर्यंत नेट सुरळीत दिसलं नाही, तर कॉम्प्युटर बांधून परत पाठवा, काम बंद. आणि तो दिवस निघाला येळवशीचा.

बाहेरच्या लोकांना सांगते. येळवस म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी आमच्याकडचं गावच्या गाव शेतात जातं. कडब्याची कोप, म्हणजे खोपी, करायची, तिच्यात पाच दगडांचे पांडव मांडून पूजा करायची, मग भज्जी म्हणजे डाळी-पालेभाज्यांची पातळ भाजी, आंबील, बाजरीचे उंडे, खीर असं जेवायचं. पाहुणे-रावळे सगळे शेतात. गावात कुत्रंसुद्धा राहत नाही, कारण कुत्रीही जेवणाच्या वासानं मागं येतात. पुण्याला येळवस नसते. त्यांना तो नुसता कामाचा वार.

सकाळी टोपलं भरलं, दत्तानं बैलगाडीसारखी मोटारसायकल लादली, आणि रोहिणी खुर्चीत बसलेली. म्हणाली, मी येत नाही, सर कधीही फोन करतील. मी म्हटलं, घरच्या लक्ष्मीनं पूजा करायची का शेजारणीला बोलवू?

"आत्या, आज माझं काम जाईल."

"कामाला उद्या हाय. येळवस वर्षाला एकदा येती."

ती हलेना. मग मी खाली वाकले, निळी वायर दोन्हीकडून उपसली, गुंडाळी केली आणि टोपल्यात भाकरीच्या फडक्याखाली घातली. नेटच नाही म्हटल्यावर बसून करणार काय? आज कुणी विचारलं, तरी मी तेच करीन. ज्या घराची पूजा चुकते त्या घराची चर्चा पुढच्या येळवशीपर्यंत चालते, आणि ती रोहिणीला नाही, मला ऐकावी लागते.

रोहिणीनं कॉम्प्युटर बंद केला. कंपनीचा फोनही टेबलावर आपटला. "ह्यो तरी कशाला घेऊ? आला तर काय सांगू, वायर सासूनं भाकरीसंगं नेली म्हणून?" असं म्हणून चप्पल घालून बाहेर पडली. कुलूप मी लावलं. किल्ली एकच, ती माझ्या कमरेला.

दिवसभर मी शेतात होते. हे मी पुन्हा लिहिते — दिवसभर शेतात होते. धाकटा दीर, जाऊ, तिच्या माहेरचे पाहुणे, लातूरहून आलेले एक रिटायर मास्तर, सगळ्यांच्या डोळ्यांपुढं. आंबील मी वाढली. मास्तरांना तीनदा आग्रह केला. रोहिणी तोंड सुजवून वाढत होती. माझ्या वेळेला भज्जी दोनदा ताटाबाहेर पडली, ती हात चुकून का मुद्दाम, ते तिलाच ठाऊक.

ऊन कलल्यावर घरी आलो. कुलूप होतं तसं. मी उघडलं. आत गेलो तर कॉम्प्युटर चालू होता.

पडद्यावर रोहिणीच्या कंपनीचं पान उघडलेलं. ती चपलेसकट टेबलाकडं धावली, एकदोन ठिकाणी दाबलं, पानं भराभर उघडायला लागली, निरोप येऊन पडायला लागले. ती म्हणाली, "नेट चालू हाय." असं म्हणाली जसं कुणी हरवलेलं पोर परत आल्याचं सांगावं.

मी टोपल्यातून वायर काढली. "कशावर चालू हाय?"

आम्ही तिघांनी टेबल पुढं ओढलं. कॉम्प्युटरच्या पाठीतलं भोक रिकामं. भिंतीवरच्या डबीतलं भोक रिकामं. वायर माझ्या हातात, तिच्या एका टोकाला भज्जी लागलेली. आणि पानं उघडत होती. दत्ता म्हणाला, वायफाय असंल. रोहिणी म्हणाली, ह्यात वायफायचा पार्टच न्हाय. तिनं पदरानं वायर पुसली आणि जागेवर लावली. नेट आधी जसं चालत होतं, तसंच चालत राहिलं, जणू वायर असली काय नि नसली काय.

मग तिनं फोन बघितला. दुपारी योगेश सरांचा फोन आलेला. आलेला आणि उचललेला. पाऊण तासाच्या वर बोलणं झालेलं.

तिनं तिथंच त्यांना फोन लावला, स्पीकरवर. तिनं काही विचारायच्या आतच ते हसत म्हणाले, मॅडम, तुमच्या सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. ओळी सांगितल्या तशा एकेक अक्षर विचारून त्यांनी टाइप केल्या, म्हणे. घाई केली की रागावत होत्या. मधेच त्यांनी विचारलं, म्हणे, फाइलीत लिहिलेलं जो पुसतो त्यालाच का सांगत न्हाय लिहायला? आणि योगेश सरांच्या डोक्यात तेव्हा उजेड पडला. फाइल सोडली, नंबर थेट कनेक्शनच्या सेटिंगमध्ये घातला, तिथून तो पुसला जात नाही. "आमच्या ऑफिसात कुणाला सुचलं नाही ते."

मी पुढं होऊन म्हटलं, साहेब, मी त्या वेळेला शेतात होते.

ते म्हणाले, "आजी, असं काय करता? हाच आवाज होता की."

मी विचारलं, कॉम्प्युटर उघडायचा पासवर्ड तुम्ही सांगितला का? ते म्हणाले, मला कुठं माहीत आहे, तुम्हीच टाकलात. तो पासवर्ड रोहिणी दत्तालासुद्धा सांगत नाही. मी विचारलं, वायर होती का? ते म्हणाले, मी दिवा बघायला सांगितला, तुम्ही म्हणालात हिरवा लागलाय.

आणि मग ते म्हणाले, "शेवटी तुम्ही जे बोललात ना आजी, ते मी वर सांगितलं. काम थांबवायचं रद्द झालंय."

काय बोलले मी?

"तुम्ही म्हणालात, पोरगी खोटं बोलत न्हाय, नेट खरंच जातंय. मी रोज बघती. तिचं काम चांगलं हाय, तिला काढू नका."

रोहिणी माझ्याकडं बघत राहिली. सून होऊन आठ वर्षं झाली, अशी कधी बघितली नव्हती.

आता माझा राग कुठं आहे ते ऐका. ते वाक्य मी कुणापाशी बोललेली नाही. दत्तापाशी नाही, जावेपाशी नाही, देवापुढं नाही. सुनेचं कौतुक तोंडावर करायची आमच्यात रीत नाही, आणि पाठीमागं केलं तर जावा फिरवून काहीतरी वेगळंच पोचवतात. पण ते वाक्य खोटंही नव्हतं. शेंगा फोडता फोडता मी तिला बघत होतेच की. ते माझ्या पोटातलं होतं. ते कुणीतरी माझ्या घरात, माझ्या आवाजात, मला न विचारता बाहेर काढलं.

त्यानंतर जो तो मला खुळ्यात काढतोय. दत्ताचं म्हणणं, आई मधेच घरी येऊन गेली. लातूरचे मास्तर साक्षीला आहेत म्हटलं, तर म्हणतो मास्तरांना जेवल्यावर झोप लागली होती. आंबील पिऊन लागते, पण बाकीचे जागे होते ना? जाऊ म्हणाली, आपल्या वारलेल्या सासूबाई असतील, आल्या असतील येळवशीला. माझी सासू! त्या बाईला विजेचं बटण दाबायची भीती वाटायची, आणि सुनेची बाजू घेणं तिच्या सात पिढ्यांत नव्हतं. योगेश सरांनी त्यांच्या ऑफिसात सांगितलं, दत्तानं गावात. आता गावातला ऑनलाइन फॉर्म भरणारा सेवा केंद्राचा माणूस येतो, "काकू, माझ्या पण लिनक्सला नेट येईना, जरा बघा की." मी त्याला म्हटलं, मला त्यातलं ओ का ठो कळत नाही. तो म्हणतो, व्हय व्हय, येवढी मोठी माणसं असंच म्हणत्यात. सगळ्या आयुष्यात मी केलेल्या कामाचं नाव दुसऱ्याला गेलं, त्याची सवय होती. न केलेल्या कामाचं नाव माझ्यावर आलंय, याचं काय करायचं ते मला कुणी शिकवलं नाही.

सगळ्यात वाईट रोहिणी. सकाळचा चहा आधी मला देते. माहेरी फोनवर सांगते, आमच्या आत्यांनी माझं काम वाचवलं. मी दहा वेळा म्हटलं, बाई गं, मी न्हवते. ती हसून म्हणते, बरं आत्या, तुमी न्हवता. आणि साखर जास्त घालते.

शेवटी गेल्या आठवड्यात मी ठरवलं, हे मिटवायचं. ती काम आवरून उठत होती. मी तिला परत खुर्चीत बसवलं आणि समोर उभी राहिले. सरळ उभं राहून असलं बोलायचं म्हणजे माझ्या जिवावर आलं होतं, पण बोलले.

"रोहिणी, येळवशीला फोनवर बोलली ती मी न्हवं. वायर नेली ती मी. पण आज बोलती ती मीच हाय, नीट बघून घे. तुझं काम चांगलं हाय. तू खोटं बोलत न्हाईस. मी रोज बघती."

तिनं माझा हात धरला. डोळे भरले तिचे. म्हणाली, "व्हय आत्या. हेच तर सांगितलं होतं तुमी सरांना."



कंपनीनं तपासलं, दत्तानं तपासलं, मीही चारचौघांना विचारून बघितलं. त्या दुपारी बंद घरात कोण होतं, पासवर्ड कसा आला, वायरीशिवाय नेट कसं आलं, याचा पत्ता अजून लागलेला नाही. लागेल असं वाटतही नाही. भूत असो, देव असो, नाहीतर लिनक्समधलाच काही प्रकार असो. माझा आवाज घेऊन जी कोण आली, तिनं नेट जोडलं, माझी काही हरकत नाही. पण ती माझ्या आधी बोलली. तेवढं मी तिला माफ करणार नाही.