दुसऱ्या उमेदवाराचे डेलिगेट

मंगळवारी दुपारी पक्षाने जाहीर केलेली यादी मी माझ्या टेबलशी ताडून पाहिली. माझ्या टेबलमध्ये दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला एकाही मतदारसंघातून डेलिगेट मिळालेला नव्हता. यादीत मात्र जवळजवळ प्रत्येक ठिकाणी त्याचे एक-दोन होते. तीनदा पाहिलं. यादी बरोबर होती.

मी जर्मनीत हायडेलबर्गला डेटा सायन्समध्ये मास्टर्स करते आणि राज्यशास्त्राच्या एका गटात हिवी आहे, म्हणजे तासांवर काम करणारी विद्यार्थी सहायक. आमचा गट अमेरिकेतल्या प्रायमरीवर काम करतो. माझी बॉस कात्रिन. पीएचडी झालेली, पण नोकरी कंत्राटी. मी पहिल्यांदा मॅडम म्हटलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मॅडम माझी आई. मी कात्रिन." आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. शिकवणाऱ्या बाईंना एकेरी हाक मारणं मला अजून जमत नाही, म्हणून इथेही 'त्या'च लिहिते.

प्रायमरी म्हणजे पक्षाने आपला अध्यक्षपदाचा उमेदवार निवडण्यासाठी राज्याराज्यांत घेतलेलं मतदान. त्यातून ठरतं ते एवढंच, की पक्षाच्या अधिवेशनात कोणाचे किती प्रतिनिधी, म्हणजे डेलिगेट, जाणार. आम्ही घेतलेल्या राज्यात काही डेलिगेट संपूर्ण राज्याच्या मतांवर वाटतात, काही एकेका मतदारसंघाच्या मतांवर. पंधरा टक्क्यांखाली मतं असली तर काही नाही. उरलेल्यांत मतांच्या प्रमाणात वाटणी. समजा पाच डेलिगेट आहेत आणि मतं साठ, तीस, दहा टक्के. दहावाला बाद. मग पहिल्याला तीन, दुसऱ्याला दोन.

कात्रिन मॅडमनी मला राज्याची वाटणी करून दाखवली होती. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. "मतदारसंघांचं नियमावलीत आहे. जमेल ना?"

"जा, गेनाऊ," मी जर्मनमध्ये म्हटलं, म्हणजे हो, अगदी.

नियमावली मोठी होती. मी सुरुवातीची पानं वाचली आणि पुढचं गृहीत धरलं. मतदारसंघ म्हटलं की माझ्या डोक्यात आमची विधानसभा. जास्त मतं ज्याला, जागा त्याची. मी सगळेच्या सगळे डेलिगेट पहिल्याला देऊन टाकले, प्रत्येक मतदारसंघात. शंका आली होती. पण हो म्हटल्यावर परत विचारायला जायचं कसं, असं वाटलं.

त्याच आठवड्यात गुरुवारी हॅनोव्हरला कात्रिन मॅडमचं भाषण होतं. त्यांचं कंत्राट वाढवायचं की नाही हे ठरवणारे दोन प्राध्यापक समोर बसणार होते. आणि भाषणाचा मुख्य मुद्दाच हा होता, की नियम कागदावर प्रमाणशीर असला तरी मतदारसंघांत दुसऱ्या उमेदवाराच्या हाती काही लागत नाही. तो मुद्दा माझ्या शून्यांवर उभा होता.

वरच्या मजल्यावर निखिलदादा आहे, नाशिकचा, पीएचडी करतो. त्याला सांगितलं.

"बाईंना कळवलंस?"

"नाही. आधी दुरुस्त करू का?"

"कर. नुसता प्रॉब्लेम घेऊन गेलीस तर चूक तेवढी लक्षात राहते. सोल्यूशन घेऊन जा."

मला तेच ऐकायचं होतं.

बुधवारी सगळे मतदारसंघ पुन्हा केले. दुपारी कात्रिन मॅडम बॅग घेऊन दारात आल्या. "निघते मी. टेबलात काही बदल?"

माझ्यापुढे अर्धी दुरुस्त झालेली फाइल उघडी होती.

"नाही. सगळं ठीक."

"छान. तुझ्यामुळे माझा महिना वाचला."

गुरुवारी सकाळी आठला मी नवीन फाइल पाठवली, सोबत लांबलचक माफी. त्यांनी ती पाहिली दुपारी, भाषणानंतर. श्रोत्यांत त्याच राज्यावर काम केलेला एक संशोधक होता. त्याच्याकडे अधिकृत यादी होती. त्याने एकच प्रश्न विचारला. "यादीत दुसऱ्याचे डेलिगेट आहेत, तुमच्या स्लाइडवर शून्य कसं?"

शुक्रवारी त्यांनी मला बोलावलं. आवाज नेहमीचाच होता.

"चूक कधी सापडली?"

"मंगळवारी."

"आणि बुधवारी मी तुला विचारलं."

"हो."

"मंगळवारी कळलं असतं तर मी ती स्लाइड काढली असती. दुसरा मुद्दा होता माझ्याकडे. फोन का नाही केलास?"

"आधी दुरुस्त करून..."

"ते मला करता आलं असतं," त्या म्हणाल्या. "टेबल मीही तपासायला हवं होतं. ते मी माझ्या नावावर घेते. बुधवारचं नाही घेऊ शकत."

बरोबर आकडे घातल्यावर वाटणी जवळजवळ मतांच्या प्रमाणातच निघाली. लिहिण्यासारखं काही उरलं नाही. याच मुद्द्यावर आम्ही पाठवलेला लेख मागे घेतला. पुढच्या महिन्यात कळलं की कात्रिन मॅडमचं कंत्राट वाढणार नाही. आमच्या गटाचे प्रोफेसर म्हणाले, कारणं बरीच आहेत. त्यातलं माझं किती, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं की नाही, अजून ठरवता येत नाही.

माझं कंत्राट वाढलं. माझ्या फॉर्मवर कात्रिन मॅडमनी आधीच सही केली होती.

आता नवीन हिवींना काम मीच समजावते. सूत्र नंतर शिकवते. आधी सांगते, चूक सापडली की त्याच मिनिटाला फोन करायचा, दुरुस्ती नंतर. मला विचारतात, एवढी घाई कशाला. मी सांगते, चूक तुमची असली तरी तिच्यासमोर उभं राहणारा माणूस दुसरा असतो.