श्वास धरा, सोडा

इस्लामपुरातले आमचे सोनोग्राफीवाले डॉक्टर माणसाशी कमी आणि पडद्याशी जास्त बोलतात. स्वादुपिंडाला सूज येऊन गेल्यापासून मला तिथे वरचेवर जावं लागतं. "चहा घेऊन आलाय न्हवं?" हे ते पोटावर जेल लावतानाच ओळखतात. चहा म्हणजे काय खाणं आहे का, असं आमच्याकडे सगळ्यांनाच वाटतं. पण पोटात गॅस झाला की जठरामागचं स्वादुपिंड दिसत नाही. मग ते पडद्याला सांगतात, "लय लाजरं हाय हे. आईच्या पोटात असतानाच याचे दोन कोंब फुटत्यात, एक फिरून दुसऱ्याला मिळतंय, आन् मग जल्मभर मागं दडून बसतंय. हं, श्वास धरा... सोडा."

परवा चष्मा विसरला म्हणून मी परत आत गेलो, तर डॉक्टर स्वतःच आडवे झालेले. शर्ट वर करून आपल्याच पोटावर प्रोब फिरवत होते. हल्ली त्यांची पँट सैल होऊन पट्ट्यात गोळा व्हायची, ते मला तेव्हा आठवलं. मशीन तपासतायत की आणखी काही, कळेना.

"आलाय तर 'श्वास धरा' म्हणा जरा," ते पडद्याकडेच बघत म्हणाले. "माझं मला जमंना झालंय."

मी म्हटलं. त्यांनी श्वास धरला. पडद्यावर नेहमीचंच करडं धुकं होतं. त्यांचा हात एका जागी थांबला.

डॉक्टर 'सोडा' कधी म्हणतात याची मी वाट बघत राहिलो. मग लक्षात आलं, आज ते मी म्हणायचं होतं. आणि कधी म्हणायचं, ते मला माहीत नव्हतं.