अप्पांची कंबर

माझा दवाखाना राजवाड्यामागच्या गल्लीत आहे. जुन्या घराची पुढची खोली, एक उंच पलंग, एक पडदा, आणि बाहेर तिण्णैवर, म्हणजे ओट्यावर, वाट पाहत बसलेली माणसं. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांची कंबर दुखत असते. भाताची लावणी करणाऱ्या बायका, दिवसभर स्कूटर दामटणारे एजंट, खुर्चीला चिकटलेले बँकेतले लोक. सगळ्यांची भीती एकच: मणका सरकला, आता आपण कामातून गेलो. मी त्यांना पालथं निजवते, मणक्याच्या दोन्ही बाजूंना तळवा टेकवून हळूहळू दाबत जाते, आणि आखडलेली जागा सैल पडू लागली की सांगते, काही मोडलेलं नाही. माझ्या हाताने थोडा वेळ आराम पडेल. बरं व्हायचं ते तुमच्या हालचालीने. चाला, वाका, घाबरू नका.

अप्पा, माझे वडील, हे सगळं माझ्याकडून ऐकून होते, पण त्या पलंगावर कधी निजले नव्हते. शाळेत गणित शिकवून ते निवृत्त झाले होते. घरात आम्ही दोघंच. आई मी शाळेत असतानाच गेली. मग अप्पांनीच डबे भरले, वेणी घालायला मला शेजारच्या मामींकडे धाडलं, आणि तमिळ मुलखातल्या आमच्या गावात फारशा कुणाला न येणारी देवनागरी, आपली मराठी वाचता यावी म्हणून, माझ्याकडून पाटीवर गिरवून घेतली. पण मी वयात आले तसा त्यांचा हात माझ्या डोक्यावरून उठला तो उठलाच. त्यांचा स्वभावच असा, असं मी धरून चालले.

त्या वर्षी सुगीत ते पापनाशमच्या आमच्या शेतावर बसने ये-जा करत होते. एका सकाळी पाहते तर दवाखान्याच्या ओट्यावर अप्पा. खांद्यावर पंचा, बाकीच्या लोकांमध्ये आपली पाळी यायची वाट पाहत.

"घरी का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"घरीं तूं माझी मुलगी. येथें डॉक्टर." मग जरा ओशाळून म्हणाले, "कंबर धरली गे. बसचे हिसके, दुसरें काय!"

शर्ट काढताना ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मी परक्या माणसाला विचारावं तसं सगळं विचारलं. वाकलं की कळ यायची, कुशीवर निजलं की थांबायची. अगदी रोजचं दुखणं. मी हात ठेवला. उजव्या खांद्याखाली भाजल्याचा जुना डाग होता. इतकी वर्षं एका घरात राहून तो मला ठाऊक नव्हता.

"हे कशाने?"

"लहानपणी न्हाणीतल्या बंबाला टेकलों."

पालथं निजल्यावर त्यांना बोलता यायचं. चेहरा दिसत नसल्यामुळे असेल. पुढचे काही आठवडे ते येत राहिले, आणि मी दाबत असताना आपल्या वडिलांविषयी, कावेरीत पोहायला शिकल्याविषयी, आईशी लग्न ठरलं तेव्हा तिला घाबरल्याविषयी सांगत राहिले. कंबर सुटू लागली. सकाळी राजवाड्याला वळसा घालून चालून यायचे आणि विद्यार्थ्याने गृहपाठ दाखवावा तसं सांगायचे. मी फार आनंदात होते.

मग दुखणं बदललं. एके दिवशी ते ओट्याच्या पायऱ्या कठड्याला धरून चढले. बनियन अंगावर लोंबत होतं.

"कुठल्या कुशीवर बरं वाटतं?"

"कोठेंच नाहीं."

"चालल्यावर?"

"तेवढेंच. पहाटेच्या आधींच जाग येते, मग झोप नाहीं."

कंबरेचं साधं दुखणं माणसाबरोबर बदलतं. बसला की एक, उठला की दुसरं. अप्पांचं आता कशानेच बदलत नव्हतं. मी मूठ वळून मणक्यांवर अगदी हलकं ठोकत खाली आले. एका जागी त्यांनी पलंगाची कड घट्ट धरली. मी हात काढून घेतला.

"आज दाबत नाही, अप्पा. आधी स्कॅन करू."

ते उठून बसले. माझ्याकडे पाहत म्हणाले, "उत्तर तुला आलें आहे असें दिसतें."

"उत्तर नाही. नुसती शंका आहे."

शंका खरी निघाली. दुसरीकडे उगवलेला कॅन्सर हाडांत येऊन बसला होता. मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर मला बाजूला घेऊन तमिळमध्ये सांगू लागले, तेव्हा अप्पांनी तमिळमध्येच हाक मारली, "इकडे सांगा, पेशंट मी आहे." दुखणं कमी व्हावं म्हणून किरणं दिली, गोळ्या दिल्या. आणि मला बजावून सांगितलं, पाठीवर जोर द्यायचा नाही, हाड पिचेल.

घरी आल्यावर मी त्यांच्या खाटेपाशी बसायची. एका संध्याकाळी त्यांनी विचारलं, "आज हात नाहीं?"

"दाबायचं नाही म्हणालेत."

"मग दाबूं नको. नुसता ठेव."

मी हात ठेवला. रोज ठेवू लागले. काही करायचं नसताना हात कसा ठेवावा, हे मला कुठल्या कॉलेजात शिकवलेलं नव्हतं. एकदा ते भिंतीकडे तोंड करूनच म्हणाले, "तूं मोठी झालीस तसा मी हात आखडला. मुलीला जवळ कसें घ्यायचें कळेना. तुझी आई असती तर तिला विचारलें असतें."

"मला वाटायचं, तुम्हाला आवडत नाही."

"वेडी," ते म्हणाले. मागे हात नेऊन त्यांनी माझं मनगट चाचपलं आणि धरलं. बोटांत जोर नव्हता.

उन्हाळ्याच्या तोंडी एका दुपारी ते गेले. चुलतभावाने आणि काकांनी अंगणात शेवटच्या अंघोळीची तयारी केली. आमच्यात ते पुरुषांचं काम. मी पुढे होऊन म्हणाले, "पाठ मी धुते." काका काही बोलणार होते, मग बाजूला सरले. दोघांनी अप्पांना कुशीवर धरलं. मी पाणी ओतलं, तळहाताने पाठ चोळली. आता कितीही जोर दिला असता तरी दुखणार नव्हतं. तरी हात हलकाच पडला.

पुन्हा कामाला लागले तेव्हा पहिल्याच दिवशी लावणीच्या कामावरची एक बाई आली. पालथी निजली, मी हात ठेवला, आणि तो दाबेचना.

"काय झालं अम्मा?" ती घाबरून म्हणाली. "काही वाईट आहे का?"

मी तिला परत एकदा नीट विचारलं. वाकलं की दुखतं, टेकलं की थांबतं. रात्री झोप गाढ लागते. वाकून पाहिलं, वळून पाहिलं. तिचं दुखणं दर वेळी बदलत होतं.

"वाईट काही नाही," मी म्हणाले. "खरंच काही नाही." मग हळूहळू हाताला वजन आलं.

काम झाल्यावर ती उठून बसली, पदर सारखा केला आणि माझ्या चेहऱ्याकडे पाहत राहिली.

"मग तुम्ही का रडताय?"

"माझे अप्पा गेले," मी म्हणाले.

तिने माझा हात आपल्या खरखरीत हातांत घेतला. बाहेर लोक खोळंबले होते, तरी तिने तो लवकर सोडला नाही.