रईसा आपांनी न दिलेलं उत्तर

रईसा आपांना नंबर विचारावा आणि गप्प उभं राहून ऐकावं. जुन्या अकोल्यातलं कुठलंही दुकान असो, दवाखाना असो, वकील असो, बाई क्षणभर थांबत नाहीत, सांगून मोकळ्या. सत्तरी उलटली, शुगर आहे, गुडघे कुरकुरतात, पण डोकं म्हणाल तर काय बिशाद आहे कुणाची! एकवीस वर्षं त्यांनी टेलिफोनच्या ट्रंक बोर्डावर काढली. कानाला हेडफोन, समोर दोऱ्यांचं जंजाळ, आणि अर्ध्या वऱ्हाडाचं लग्नकार्य, आजारपण, भांडणतंटा त्यांच्या दोन हातांतून इकडचं तिकडं. पुढं यंत्रं आली, बोर्ड भंगारात गेला आणि आपांना बिलाच्या खिडकीत बसवलं.

आता हे सांगायचं कोणाला? नात अलीझाला सांगावं तर ती हसायची. दादी, मोबाइल असताना नंबर पाठ कशाला करायचे? प्रेमानंच म्हणायची, पण आपांना ते लागायचं. आपली दादी नुसती शीरखुर्मा करणारी बाई नाही, हे पोरीला एकदा तरी दिसावं, एवढी एकच हाव त्यांना उरली होती.

तशी संधी चालून आली. जठारपेठेतल्या ज्येष्ठ नागरिक संघानं ‘आठवतंय का?’ नावाची स्पर्धा ठेवली. साठीच्या पुढच्यांनीच उतरायचं, दोघादोघांची जोडी, प्रश्न सगळे जुन्या अकोल्यावर. अलीझानं स्वतः जाऊन दादीचं नाव घातलं आणि त्या दिवशी कॉलेज बुडवून तिसऱ्या रांगेत येऊन बसली. जोडीदार शेजारच्या पार्बताबाई. निवृत्त मास्तरीण, आवाज असा की माइकची गरजच नाही.

स्पर्धा रंगली हो! जिनिंगचा पहिला भोंगा किती वाजता व्हायचा, स्टँडवरच्या टांगेवाल्याच्या पांढऱ्या घोडीचं नाव काय, एकेक प्रश्न असा की सभागृहातली पिकली डोकी लहान पोरांसारखी हात वर करत होती. या जोडीची उत्तरं सगळी आपांचीच. पण गंमत बघा, आपा माइकवर काही तोंड उघडेनात. त्या पार्बताबाईंच्या कानात कुजबुजायच्या आणि बाई सभागृह दणाणून सोडायच्या. मधेच पार्बताबाई वैतागल्या. तुमचं तुमी काहून बोलत नाही, म्हणाल्या. आपांनी पुढचं उत्तर त्यांच्या कानात सांगितलं.

कारण पहिल्या रांगेत बसलं होतं. केशवराव.

हे केशवराव आपांच्या घरापासून दोन गल्ल्यांवर राहत. एकेकाळी अडत दुकानात दिवाणजी होते. भाजीच्या गाडीवर आठवड्यातून दोनदा गाठ पडायची, पण त्यांच्यासमोर आपांनी चाळीस वर्षांत एक शब्द काढला नव्हता. ते आले की भाजीकडं बोट दाखवायच्या, पैसे द्यायच्या, निघायच्या. बाईले लई गर्व हाये, असं केशवराव पार्बताबाईंकडं बोललेही होते. आपांनी तेही ऐकून घेतलं.

गर्व कशाचा आलाय! १९८३ साली गणपतीत मंडळाचं नाटक होतं. केशवराव त्यात सरदार. दुपारी चारला धारणीहून अडत दुकानासाठी ट्रंक कॉल आला; तोंडाला रंग लावायला बसलेले केशवराव तसेच उठून दुकानात आले. डोंगरातली लाइन, पलीकडचा आवाज विहिरीतून आल्यासारखा. असं झालं की ऑपरेटरनं मधे पडायचं, एकाचं बोलणं दुसऱ्याला सांगायचं, हा तेव्हाचा रिवाज. म्हणून केशवरावांच्या बहिणीचं एकेक वाक्य आपांनी आपल्या तोंडानं त्यांना सांगितलं. नवरा मारतो. काल लेकरासकट बाहेर काढलं. दादा, आज आला नाहीस तर मी आणि पोरगी उद्या दिसणार नाही. तीन मिनिटं झाली की लाइन तोडायची, असा नियम. आपांनी घड्याळाकडं पाहिलंच नाही. नऊ मिनिटं लाइन चालू ठेवली आणि साहेबाची बोलणी खाल्ली.

केशवराव तोंडाला लागलेला रंग पुसत मिळेल त्या गाडीनं धारणीला निघून गेले. इकडं नाटक बोंबललं. चार दिवसांनी माणूस परत आला तो एकटाच. कुठं गेला होतास, तर चकार शब्द नाही. बहिणीचा संसार मोडला हे गावाला कळलं असतं तर त्या काळी तिचं जिणं मुश्किल झालं असतं. मग लोकांनीच ठरवून टाकलं, भ्यायला आणि पळाला. ‘पळपुटा सरदार’ हे नाव जे चिकटलं ते चिकटलंच. बायकोनं ऐकलं, पोरांनी ऐकलं, आता नातवंडंही ऐकतात. केशवराव आपले हसत राहिले.

आणि आपा गप्प. लाइनीवर ऐकलेलं लाइनीवरच ठेवीन, अशी सही करून त्या नोकरीला लागल्या होत्या. पण सहीचं एक वेळ सोडा. त्या माणसानं आपला आवाज ओळखला तर जन्मभर आपल्यासमोर मान खाली घालून जाईल, ही धास्ती जास्त. म्हणून मुकेपण. एकच गोष्ट जिवाला कुरतडायची. त्या मायलेकींचं पुढं काय झालं? केशवराव तिथं वेळेवर पोचले का? बहीण अकोल्यात कुणाला कधी दिसली नाही. आणि विचारावं कसं?

तर शेवटच्या प्रश्नापर्यंत आपांची जोडी आणि महादेवरावांची जोडी बरोबरीत आली. सूत्रसंचालन करणारा किशोर तेव्हा जन्मलासुद्धा नव्हता. गमतीचा प्रश्न म्हणून त्यानं कार्डावरून हसत हसत वाचलं: त्र्याऐंशीच्या गणपतीत पडदा उघडायच्या आधी आपले सरदार केशवराव गायब झाले, ते कशामुळं?

सभागृह खो खो हसलं. केशवरावही सवयीनं हसले. पार्बताबाईंनी माइक उचलला, उत्तर ओठांवरच होतं. आपांनी त्यांचं मनगट धरलं. तिसऱ्या रांगेत अलीझा उभी राहून मुठी वळत होती. नुसतं ‘भ्यायला’ म्हणायचं होतं, दहा गुण आणि बक्षिसाची ढाल घरात. आता काय करावं माणसानं? गप्प बसलं तरी त्या माणसावर आज भर सभेत, कार्डावर छापून शिक्का बसणार होता. आपांनी माइक आपल्याकडं घेतला.

“उत्तर मले ठाव हाये,” त्या म्हणाल्या. “मी सांगणार नाही. पण भ्यायला असं लिवलं असंन तर ते खोटं हाये. असा हिंमतवाला माणूस मी पाह्यला नाही.”

केशवरावांचं हसू तिथंच थांबलं. ते टक लावून आपांकडं पाहत राहिले.

किशोर गोंधळला. नियम तो नियम, त्यानं प्रश्न पलीकडं दिला. महादेवरावांनी चाचरतच, भिऊन पळाले, असं सांगितलं आणि दहा गुण घेतले. टाळ्या झाल्या, पण काही दम नव्हता त्यांत. पार्बताबाई तर आपांवर अशा उखडल्या की विचारू नका.

ढाल देण्याच्या गडबडीत केशवराव काठी टेकत व्यासपीठापाशी आले. आजूबाजूला कुणी ऐकत नाही हे पाहून हळूच म्हणाले, “बाई, तुमी त्या दिवशी लाइन तोडली नाही.”

आपांच्या तोंडून जे बाहेर पडलं ते चाळीस वर्षं अडून बसलेलं होतं. “धारणीची ताई?”

“हाये. अमरावतीले राह्यते. पोरगी नर्स झाली तिची. मागच्या महिन्यात नातू झाला.”

आपा मटकन खाली बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडल्या. हमसून हमसून रडल्या. केशवराव बाजूला उभे राहिले.

अलीझा धावत आली. तिला वाटलं, उत्तर आलं नाही म्हणून दादीनं माइकवर वेळ मारून नेली आणि आता हरली म्हणून रडते. तिनं गळ्यात हात टाकला आणि म्हणाली, जाऊ दे ना दादी, एवढ्या नंबरवाल्या बाईला एक उत्तर नाही आलं तर काय बिघडलं? पुढच्या वर्षी ढाल आपलीच.

उत्तर येत होतं, हे सांगायला आपांनी तोंड उघडलं. मग मिटलं. नातीच्या खांद्याचा आधार घेऊन त्या उठल्या आणि म्हणाल्या, “हो बेटा. नाही आलं.”