एका सुताची माशी

सासऱ्यांच्या बंदुकीची तुटलेली माशी बदलायला घेतली आणि तीन आठवडे माझ्या डोक्याला नुसता ताप झाला. माशी म्हणजे नळीच्या टोकावरचा पितळेचा मणी, ज्वारीच्या दाण्याएवढा. नेम धरताना नजर त्याच्यावर ठेवायची. एवढीशी ती वस्तू, पण तिने मला रडवलं.

साल दोन हजार पाच. आम्ही अमेरिकेत, नेपरव्हिलला राहायचो. मी नागपूरची, कॉम्प्युटरवर पोट भरणारी. नवरा अमेरिकन, शेतकऱ्याचा मुलगा. सासूबाई गेल्यावर सासऱ्यांनी शेत विकलं आणि ते आमच्याकडे आले, येताना ही जुनी एकनळी बंदूक घेऊन. दर ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी ते आणि त्यांचे तीन म्हातारे दोस्त एकाच्या शेतावर जमायचे आणि हवेत उडवलेल्या मातीच्या चकत्या फोडायचे. आदल्या वर्षी सासऱ्यांना एकही चकती फोडता आली नव्हती. दोस्त पोट धरधरून हसले होते. "माशी तुटलीय, नेम लागणार कसा?" असं ते वर्षभर सांगत होते. "यंदा नाही लागला तर पुन्हा जाणार नाही," असंही. त्या एका शनिवाराखेरीज ते दुसऱ्या कशाचीच वाट बघत नव्हते.

बंदुका दुरुस्त करणाऱ्या माणसाने दोन महिने थांबा म्हणून सांगितलं. आमच्या नवऱ्याला बल्ब बदलायचा तरी मॅन्युअल लागतं. तेव्हा मीच छाती पुढे काढून म्हणाले, "डॅड, मी टर्नरची मुलगी आहे. द्या इकडे." बाबांनी जन्मभर कारखान्यात लेथ चालवला होता, पण मला कोणी सांगितलं होतं?

बंदूक रिकामी आहे हे त्यांनी दोनदा उघडून दाखवलं, आणि मी गॅरेजमधल्या टेबलाशी बसले. माशीचं डोकं उडालं होतं आणि बुडाचा स्क्रू भोकातच अडकून बसला होता. पक्कड लावावी तर धरायला काही वर आलेलंच नाही. रोज ऑफिसातून आलं की तेल सोडायचं, टोकरायचं आणि शिव्या घालायच्या. चौथ्या दिवशी तो मेला एकदाचा बाहेर आला.

आई तेव्हा सहा महिन्यांसाठी आली होती. तिला इंग्रजी येत नाही, सासऱ्यांना मराठी येत नाही, तरी विहीण-व्याह्यांचं मेतकूट छान जमलं होतं. संध्याकाळी ती त्यांना चहा करायची आणि कप टेबलावर न ठेवता सरळ त्यांच्या हातात द्यायची, दोन्ही हातांनी धरून. माझं डोकंच सणकायचं. "आई, ही अमेरिका आहे. इथे मुलीच्या सासऱ्याची इतकी सरबराई करत नाहीत."

"असू दे गं," एवढंच म्हणायची.

एकदा गॅरेजमध्ये येऊन हळूच म्हणाली, "अगं, काल व्याह्यांनी खुंटीवरच्या कोटाला गुड मॉर्निंग केलं."

"गंमत करतात ते. तू मध्ये बोलू नकोस, माझा हात हलतो."

"तू विचार ना जरा त्यांना. मी पडले मुलीकडची, मी कशी बोलू?"

"आई, जा गं तू! आधीच माझ्या नाकी नऊ आलेत." ती गेली.

मग माप घेतलं. कंपासपेटीतली, इंडियातून आणलेली पट्टी काढली. भोक बरोब्बर तीन मिलिमीटर. फोनवरून तशी माशी मागवली. आठ दिवसांनी आली, दोन वेढे आत गेली आणि जी अडली ती अडलीच. माशी शिंकते म्हणतात ती अशी. जोर केला तर नळीचे आटे जातील म्हणून परत काढली आणि दुकानदारावर फोनवर खेकसले. तो बिचारा शांतपणे म्हणाला, "मॅडम, इतक्या जुन्या बंदुकीत मिलिमीटर कुठून येणार? इंचात मोजा."

कपाळ माझं! माझ्या बापाने जन्मात मिलिमीटर म्हटलं नाही. एक सूत, दोन सूत, ही त्यांची भाषा. इंचाचा आठवा भाग म्हणजे सूत. त्यांनी नुसतं बोट लावून सांगितलं असतं, "एक सूत आहे बेटा." कॉलेजात असताना मी त्यांना चिडवायचे, बाबा, तुमचं सूत आता कोणी विचारत नाही. आणि इथे अख्खा देश अजून सुतावर चाललेला! त्या दिवशी मी जेवलेसुद्धा नाही रागाने.

एका सुताची दुसरी माशी शुक्रवारी दुपारी आली. दुसऱ्या दिवशी तोच शनिवार. मी ऑफिसातून अर्धी सुट्टी काढून आले होते. पाकीट घाईत फाडलं तर ती उडाली, फरशीवर टण टण करत कुठेतरी गडप. मी गुडघ्यांवर, हातात टॉर्च. "कुठे उलथलीस मेले?" अर्ध्या तासाने तांदळाच्या पोत्याखाली सापडली.

तेवढ्यात सासरे आले. टेबलावरची बंदूक उचलली, रिकामी आहे हे बोटाने चाचपून पाहिलं, आणि दारातून मागच्या मोकळ्या अंगणाकडे रोखून खांद्याला लावली.

"व्वा!" ते म्हणाले. "बघ कशी चमकतेय! आता बघतोच त्या तिघांना."

माशी माझ्या मुठीत होती.

खुंटीवरचा कोट आठवला. चहाचा कप आठवला. तीन आठवड्यांचा सगळा राग कुठे गेला कळलंच नाही, नुसती भीती वाटली. 'हो' म्हणाले असते तर उद्या हा माणूस भरलेली बंदूक घेऊन तीन म्हाताऱ्यांच्या शेजारी उभा राहणार होता.

"डॅड," मी म्हणाले, "ती अजून बसवलेली नाही. माझ्या हातात आहे."

त्यांनी बंदूक खाली केली. अंगठा नळीवरून टोकाकडे नेला. भोकाशी येऊन तो थांबला.

"बाजूचं दिसतं," ते म्हणाले. "मधलंच जातं. गेल्या वर्षी चकत्या दिसल्याच नाहीत मला. वाटलं, नवी माशी आली की..."

आई चहा घेऊन दारात उभी होती. तिला इंग्रजीची गरज पडली नाही. तिने कप त्यांच्या हातात दिला आणि आत गेली. तिला गप्प बसवल्याची मला फार लाज वाटली.

"बसव ती," ते म्हणाले. "इतकी खपलीस." चहा ठेवून त्यांनी नळी घट्ट धरली. माशी शेवटच्या वेढ्यापर्यंत सरळ गेली. त्यांनी तिच्यावरून अंगठा फिरवला.

"छान बसलीय," ते म्हणाले. "आता एक काम कर. त्यांना फोन कर आणि सांग, मी उद्या येत नाही. माशी बसलीच नाही म्हणून सांग."

मी फोन केला. म्हटलं, मला नाही जमलं. पलीकडचा म्हातारा खो खो हसला आणि म्हणाला, कॉम्प्युटरवाल्या पोरीच्या हातात बंदूक दिली की दुसरं काय होणार! मी टर्नरची मुलगी. ऐकून घेतलं.